लग्नानंतर नाव बदलणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाच्या गडबडीत हॉल, आहेर आणि मुहूर्त यांची चर्चा महिनोन्महिने चालते. मुलीच्या नावाचे काय करायचे, हा प्रश्न मात्र बहुधा पहिला अर्ज भरताना समोर येतो. खालील माहिती प्रामुख्याने महाराष्ट्रात विवाह झालेल्या किंवा नोंदवलेल्या जोडप्यांसाठी आहे. उदाहरणासाठी सुनीता रमेश कदम हे माहेरचे आणि सुनीता अमोल शिंदे हे सासरचे नाव घेतले आहे. ही दोन्ही नावे काल्पनिक आहेत.

लग्नानंतर नाव बदलणे कायद्याने बंधनकारक आहे का?

नाही. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ किंवा विशेष विवाह अधिनियम, १९५४ यांपैकी कशातही पत्नीने पतीचे नाव किंवा आडनाव लावावे असे म्हटलेले नाही. मधले नाव वडिलांचे काढून पतीचे लावणे आणि आडनाव बदलणे ही महाराष्ट्रातील रूढी आहे. ती इतकी घट्ट रुजलेली आहे की अनेकदा कार्यालयातील कर्मचारीसुद्धा तिला नियम समजून बोलतात. ‘लग्न झाले आहे, मग आधार माहेरच्या नावाचे कसे चालेल?’ असे कोणी विचारले, तर तसा नियम कोठे लिहिलेला आहे हे शांतपणे आणि लेखी विचारावे.

आपले नाव काय असावे हे ठरवणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रांवरील नावांबाबत निकाल देताना नावावरील हक्काची सांगड संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(अ) आणि २१ यांच्याशी घातली. तो वाद विवाहोत्तर नावाचा नव्हता, पण त्यामागचे तत्त्व येथेही लागू पडते. कौटुंबिक न्यायालयांच्या बाबतीतही २०१२ मध्ये महाराष्ट्रातील नियमांत दुरुस्ती झाली आणि ज्या विवाहितेने आपले नाव बदललेले नाही तिला माहेरच्या नावानेच दावा दाखल करण्याची मोकळीक मिळाली.

मग विवाह नोंदणी केल्यावर नाव आपोआप बदलते का?

तेही नाही. विवाह प्रमाणपत्र हा विवाह झाल्याचा पुरावा आहे, नाव बदलल्याचा आदेश नव्हे. आधार, पॅन, बँक, पासपोर्ट, मतदारयादी या प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि जेथे अर्ज केला नाही तेथे जुने नाव तसेच राहते. बहुतेक अडचणी यातूनच निर्माण होतात. घरच्यांनी पत्रिकेत, दारावरच्या पाटीवर आणि रेशनकार्डावर नवे नाव घातलेले असते, बँकेत जुने नाव असते, आणि धनादेश वटवायच्या दिवशी दोन्ही नावे समोरासमोर येतात.

विवाह नोंदणी कोठे आणि कशी करावी?

महाराष्ट्रात ही नोंदणी महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, १९९८ नुसार होते. हा कायदा सर्व धर्मांच्या विवाहांना लागू आहे. शहरात महानगरपालिकेच्या प्रभाग कार्यालयात किंवा नगरपालिकेत आणि गावात ग्रामपंचायतीत अर्ज करावा लागतो. विवाहाच्या ज्ञापनावर, म्हणजे नोंदणीच्या विहित अर्जावर, वर, वधू, तीन साक्षीदार आणि विवाह लावणारे पुरोहित, काझी किंवा धर्मगुरू यांच्या स्वाक्षऱ्या असतात. सोबत वयाचा व राहण्याचा पुरावा, लग्नपत्रिका आणि छायाचित्रे लागतात. विवाहापासून ९० दिवसांच्या आत नोंदणी करावी. त्यानंतरही नोंदणी होते, पण जास्तीचे शुल्क भरावे लागते. सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करावी असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच दिलेले आहेत.

विशेष विवाह अधिनियमाखाली विवाह होत असेल, तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि विवाह अधिकाऱ्यांसमोरच तीन साक्षीदारांच्या उपस्थितीत विवाह होतो. त्यांनी दिलेले प्रमाणपत्र पुरेसे असते. वेगळी नोंदणी लागत नाही.

एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. ज्ञापनात वधूचे नाव तिच्या जन्मदाखल्यावर किंवा दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसे, अक्षर न् अक्षर, लिहावे. आयुष्यभर हाच कागद दोन नावांना जोडणारा पूल असतो. त्यात कदमचे कादम झाले, तर पुढची प्रत्येक पायरी अडते. प्रमाणपत्र हाती मिळाल्यावर खिडकी सोडण्याआधी दोन्ही पक्षांची नावे, वडिलांची नावे, जन्मतारखा आणि विवाहाची तारीख तपासून घ्यावी. इंग्रजी व मराठी दोन्ही लेखन पाहावे आणि काही साक्षांकित प्रती काढून ठेवाव्यात.

राजपत्रात, म्हणजे शासनाच्या अधिकृत प्रकाशनात, नाव प्रसिद्ध करणे आवश्यक आहे का?

पतीचे नाव मधे घेऊन त्याचे आडनाव लावणे, इतकाच बदल असेल तर बहुतेक ठिकाणी विवाह प्रमाणपत्र पुरते. आपल्याकडील रूढीनुसार नवे नाव त्या प्रमाणपत्रातूनच सिद्ध होते. सुनीताचे माहेरचे नाव आणि पतीचे नाव दोन्ही त्यात असतात, त्यामुळे सुनीता अमोल शिंदे ही तीच व्यक्ती आहे हे कळते.

मात्र स्वतःचे पहिले नाव बदलले असेल तर चित्र पालटते. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिण्याची प्रथा अनेक घरांत अजून आहे आणि सुनीताची मृणाल होते. या विधीला भावनिक महत्त्व असेल, पण कायद्याच्या दृष्टीने ते नाव कोठेच नोंदलेले नसते. विवाह प्रमाणपत्रात सुनीता असते आणि मृणाल ही कागदोपत्री दुसरीच बाई ठरते. अशा वेळी महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेणे हाच खात्रीचा मार्ग आहे. माहेर आणि सासर या दोन्हींची आडनावे जोडून लावायची असतील, किंवा पतीने पत्नीचे आडनाव घेतले असेल, तरीही राजपत्र असलेले बरे.

हे काम शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालय करते आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. जुन्या नावाचा पुरावा, राहण्याचा पुरावा, बदलाचे कारण दर्शवणारा कागद आणि छायाचित्र जोडावे लागते. पाठवण्याआधी नव्या नावाचे इंग्रजी लेखन मोठ्याने वाचून पाहावे, कारण पुढे सर्वत्र तेच लागते.

प्रतिज्ञापत्र पुरेसे नाही का? आणि त्यासाठी किती रुपयांचा मुद्रांक लागतो?

प्रतिज्ञापत्र म्हणजे आपणच आपल्याविषयी शपथेवर केलेले कथन. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असे प्रतिज्ञापत्र विमा कंपनी, गृहनिर्माण संस्था किंवा महाविद्यालय यांच्याकडे सहायक कागद म्हणून उपयोगी पडते. विवाह प्रमाणपत्राची किंवा राजपत्राची जागा ते घेत नाही.

शासकीय कार्यालयांत व न्यायालयांत सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांवरील मुद्रांक शुल्क महाराष्ट्र शासनाने २००४ मध्येच माफ केलेले आहे. तरीही आजसुद्धा कार्यालयाबाहेर बसलेली मंडळी मुद्रांकाशिवाय चालणार नाही असे सांगून गरीब बाईला खर्चात पाडतात. हे पाहून फार वाईट वाटते. साध्या कागदावरील प्रतिज्ञापत्र अशा कामांसाठी ग्राह्य आहे.

कागदपत्रे कोणत्या क्रमाने बदलावीत?

आधी विवाह प्रमाणपत्र, मग आधार, त्यानंतर पॅन, मग बँक, आणि त्यामागून बाकीचे सगळे. पासपोर्ट केव्हा करायचा हे प्रवासाच्या तारखा पाहून ठरवावे. आधार आधी करण्याचे कारण असे की पॅन, भविष्य निर्वाह निधी, बँक, शासकीय योजना या सर्वांची पडताळणी आज आधारवरील नावाशी होते. आधारवर शिंदे आणि पॅनवर कदम अशी स्थिती फार काळ राहू देऊ नये. दोन्ही कागद जोडताना नाव, जन्मतारीख आणि लिंग जुळावे लागते.

आधारवर नाव किती वेळा बदलता येते?

संपूर्ण आयुष्यात दोनदा. ही मर्यादा माहीत नसल्यामुळे अनेकजणी लग्नाच्या आठवड्यातच घाईने एक बदल करतात. मग मधले नाव राहिले म्हणून दुसरा करतात आणि दोन्ही संधी संपतात. त्यानंतर काही कारणाने पुन्हा बदल करायचा झाला, तर अपवादात्मक प्रकरण म्हणून राजपत्रासह आधारच्या प्रादेशिक कार्यालयाकडे दाद मागावी लागते. म्हणून नवे नाव नेमके कसे लिहायचे हे कागदावर लिहून, घरात बोलून, पक्के करावे आणि मगच अर्ज करावा.

केवळ पत्ता सासरचा करायचा असेल तर नावाला हात लावण्याची गरज नाही. पत्त्याच्या सुरुवातीला ‘द्वारा’ म्हणून पतीचे नाव घालता येते आणि तो बदल पत्त्याचा धरला जातो.

पॅनकार्डावर वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव लिहायचे का?

कधीही नाही. आपल्याकडे मधले नाव म्हणजे आधी वडील आणि मग पती अशी सवय असल्यामुळे ही चूक सर्रास होते. पॅनसाठी विवाहित स्त्रीनेही वडिलांचेच नाव द्यायचे असते. पतीचे नाव फक्त तिच्या स्वतःच्या मधल्या नावाच्या रकान्यात येऊ शकते. पॅनचा क्रमांक नावबदलाने बदलत नाही, त्यामुळे नवे पॅन काढण्याचा अर्ज करू नये. एका व्यक्तीकडे दोन पॅन असणे दंडनीय आहे. पुराव्यासाठी विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र जोडावे.

बँक म्हणते, ‘आधी सर्व कागद नव्या नावाचे आणा.’ हे बरोबर आहे का?

ग्राहकाची ओळख पटवण्याबाबत रिझर्व्ह बँकेचे जे निर्देश आहेत, त्यांत या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर आहे. ओळखपत्र दिल्यानंतर धारकाचे नाव बदललेले असले तरी, राज्य शासनाने दिलेले विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदल दर्शवणारे राजपत्र सोबत असेल, तर ते जुन्या नावाचे ओळखपत्रही वैध मानले जाते. म्हणजे माहेरच्या नावाचा पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र आणि विवाह प्रमाणपत्र एवढ्यावर काम व्हायला हवे. शाखेत नकार मिळाला तर तो लेखी मागावा, शाखाधिकाऱ्यांना या निर्देशांची आठवण द्यावी आणि नंतर बँकेच्या तक्रार निवारण यंत्रणेकडे जावे.

खात्यातील नाव बदलताना नवी स्वाक्षरी द्यावी लागते, हे बऱ्याचदा लक्षात राहत नाही. जुन्या स्वाक्षरीचे धनादेश कोणाकडे दिलेले असतील, तर ते वटेपर्यंत थांबावे. मुदत ठेवी, लॉकर, विमा, म्युच्युअल फंड आणि नामनिर्देशन हेही त्याच वेळी तपासावे. नोकरदार स्त्रियांनी भविष्य निर्वाह निधीच्या खात्यातील नाव दुरुस्त करून घ्यावे, अन्यथा नोकरी सोडताना पैसे अडकतात.

पासपोर्टवर आडनाव बदलणे आवश्यक आहे का?

आवश्यक नाही. महिलांना लग्नानंतर पासपोर्टवरील नाव बदलण्याची गरज नाही, हे पंतप्रधानांनी एप्रिल २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितले होते. विवाह प्रमाणपत्राची सक्तीही २०१६ च्या अखेरीस काढण्यात आली. आडनाव तेच ठेवून फक्त पतीचे नाव नोंदवता येते.

बदलायचे ठरवले तर पासपोर्ट नव्याने जारी करून घ्यावा लागतो आणि नवी पुस्तिका, नवा क्रमांक मिळतो. पासपोर्टमध्ये ‘दिलेले नाव’ (Given Name) आणि ‘आडनाव’ असे दोनच रकाने असतात, मधल्या नावाला वेगळी जागा नसते. त्यामुळे वडिलांचे किंवा पतीचे नाव घालायचे असेल तर ते दिलेल्या नावाच्या रकान्यातच जाते आणि ‘सुनीता अमोल’ हे परदेशात पहिले नाव बनते. अमेरिकेत वा युरोपात स्थायिक झालेल्या मराठी स्त्रियांना कार्यालयात ‘सुनीता अमोल’ अशी हाक ऐकू येते ती यामुळेच. परदेशात राहण्याचा विचार असेल, तर या रकान्यात फक्त स्वतःचे नाव ठेवावे असा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

जुन्या नावावर व्हिसा असेल, तिकिटे काढलेली असतील किंवा पतीसोबत जाण्यासाठी अवलंबित व्हिसाचा अर्ज सुरू असेल, तर मधेच नाव बदलू नये. तिकिटावरील नाव पासपोर्टशी जुळलेच पाहिजे. लग्नानंतर लगेच परदेशी जायचे असल्यास जुन्याच पासपोर्टवर जाऊन, विवाह प्रमाणपत्र सोबत ठेवून, पुढचे बदल तेथील भारतीय दूतावासामार्फत करता येतात.

मतदारयादी आणि रेशनकार्ड यांचे काय?

मतदारयादीत आधीच नाव असेल तर नवीन नोंदणीचा नमुना ६ भरू नये. दुरुस्ती आणि स्थलांतर या दोन्हींसाठी नमुना ८ आहे. माहेरी आणि सासरी अशा दोन यादींत नाव असणे कायद्याने मना आहे. रेशनकार्डासाठी माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला घेऊन सासरच्या कार्डात नाव चढवावे लागते.

शाळा-महाविद्यालयाची प्रमाणपत्रे बदलून मिळतात का?

लग्नामुळे दहावी-बारावीची गुणपत्रिका किंवा पदवी प्रमाणपत्र बदलत नाही आणि बदलण्याची गरजही नाही. ते कागद त्या त्या वेळी खरे असलेल्या नावाने दिलेले आहेत. नोकरीच्या किंवा स्पर्धा परीक्षेच्या अर्जात विवाहापूर्वीचे आणि नंतरचे नाव असे दोन रकाने असतील तर दोन्ही प्रामाणिकपणे भरावेत आणि विवाह प्रमाणपत्र जोडावे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या अर्जातही दोन्ही नावे विचारलेली होती.

डॉक्टर, वकील, संशोधक, कलाकार यांनी आडनाव बदलण्याआधी विशेष विचार करावा. नोंदणी क्रमांक, प्रसिद्ध झालेले लेख आणि लोकांमधील ओळख हे सारे जुन्या नावाशी जोडलेले असते.

जातीच्या दाखल्यावर परिणाम होतो का?

जात जन्माने ठरते, विवाहाने नाही. विवाहित स्त्रीला जातप्रमाणपत्र आणि जातवैधता वडिलांकडील पुराव्यांवरच मिळते. आंतरजातीय विवाह केल्याने पतीच्या जातीचे आरक्षण मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले आहे. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रासाठीही आई-वडिलांची स्थिती पाहिली जाते, पतीचे उत्पन्न नाही. सासरच्या नावाने जातीचा दाखला मागायला गेल्यावर तलाठ्यापासून तहसीलपर्यंत गोंधळ होतो, म्हणून शक्यतो लग्नाआधीच, माहेरच्या नावाने, दाखला आणि वैधता दोन्ही काढून ठेवावीत.

आडनाव बदलले तर माहेरच्या जमिनीतील हक्क जातो का?

मुळीच जात नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये तो हक्क ठाम केला. आडनावाचा या हक्काशी काहीही संबंध नाही.

व्यवहारात मात्र येथेच सर्वाधिक फसगत होते. वडिलांच्या पश्चात वारसनोंद करताना बहिणींची नावे ‘त्या आता शिंदेंच्या झाल्या’ म्हणून वगळली जातात किंवा फेरफारात (जमिनीच्या हक्कातील बदलाच्या नोंदीत) माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे नाव असल्यामुळे पुढे विक्री, कर्ज, भूसंपादनाचा मोबदला असे सगळेच अडकते. वारसनोंदीत ‘सुनीता रमेश कदम ऊर्फ सुनीता अमोल शिंदे’ अशी दोन्ही नावे येतील असे पाहावे. फेरफाराची नोटीस आली तर ती वाचल्याशिवाय आणि हक्कसोडपत्र आहे की नाही हे समजून घेतल्याशिवाय सही करू नये. भावाबहिणीचे नाते कितीही प्रेमाचे असो, कागद वाचण्याने ते कमी होत नाही.

मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव बंधनकारक केले. त्याच निर्णयात विवाहित स्त्रीचे नाव, पतीचे नाव आणि आडनाव ही प्रचलित पद्धत चालू ठेवतानाच, मिळकतीच्या दस्तऐवजात विवाहापूर्वीच्या नावाने नोंद करण्याची मुभाही दिलेली आहे. ही मुभा लक्षात ठेवण्यासारखी आहे.

बाळाच्या जन्मदाखल्यात आईचे कोणते नाव द्यावे?

प्रसूतीच्या वेळी आपल्या आधारवर जे नाव आहे तेच रुग्णालयात नाव नोंदवताना द्यावे, कारण जन्माची माहिती तेथूनच निबंधकाकडे जाते. घरचे लोक आपुलकीने सासरचे नाव सांगतात आणि मग शाळाप्रवेशाच्या वेळी आईची ओळख सिद्ध करत बसावे लागते.

नावाआधी ‘सौ.’ लिहावे का?

अर्जात लिहू नये. सौ., श्रीमती, कुमारी हे नावाचे भाग नाहीत. ते संगणकात नावासोबत गेले तर पुढे प्रत्येक पडताळणी फसते.

घटस्फोटानंतर किंवा पतीच्या निधनानंतर माहेरचे नाव परत घेता येते का?

घेता येते. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत किंवा पतीचा मृत्युदाखला, जुन्या नावाचा एखादा पुरावा आणि गरजेनुसार राजपत्र यांच्या आधारे सर्व कागद पूर्ववत होतात. विधवा स्त्रीने नाव बदललेच पाहिजे असेही नाही. निवृत्तिवेतन आणि वारसाहक्क यांची प्रकरणे सुरू असतील, तर ती मार्गी लागेपर्यंत नाव आहे तसेच ठेवणे सोयीचे. घटस्फोटाच्या संमतीच्या अटींमध्ये नावाविषयी काही लिहिले जात असेल, तर ते कलम वकिलाकडून नीट समजून घ्यावे, कारण सही केल्यावर ते बंधनकारक होते.

विवाह गोव्यात झाला असेल तर?

गोव्यात विवाहाची नागरी नोंदणी निबंधकासमोर होते आणि नाव-आडनाव बदलासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे. जन्मनोंद गोव्यातील असेल, तर महाराष्ट्राच्या राजपत्राकडे वळण्याआधी तेथील निबंधक कार्यालयात चौकशी करावी.

आता नाव न बदलता दहा वर्षांनी बदलायचे ठरवले तर चालेल का?

चालेल. यासाठी कोणतीही कालमर्यादा नाही. विवाह प्रमाणपत्र तेव्हाही तितकेच वैध असते. म्हणून निर्णय होत नसेल तर विवाहाची नोंदणी तेवढी वेळेत करून ठेवावी आणि नाव आहे तसे राहू द्यावे.